सेठच्या गाडीचे दोन कार्बोरेटर

बाबांच्या कंपनीत मागच्या शेडमध्ये एक परदेशी मोटरसायकल बंद पडून होती, आणि टूलरूममधली ड्रॉइंग बोर्डापुढची जागा रिकामी होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता. तो बाबांनी लावला.

"सेठची गाडी एकदा चालू होऊ दे," ते जेवताना म्हणाले, "मग ड्रॉइंगच्या जागेसाठी तुझं नाव काढतो. खूश असले की ते नाही म्हणत नाहीत."

मी भात कालवत राहिले. एखादी गोष्ट हवी असली की ती चेहऱ्यावर दिसू द्यायची नाही, अशी मला लहानपणापासून सवय आहे. पण ती जागा मला हवी होती. आधीचा ड्राफ्ट्समन वापीला जास्त पगारावर गेला होता. त्याच्या जागी ट्रेनी म्हणून कुणीतरी घ्यायचं चाललं होतं. बोर्ड खिडकीजवळ होता, त्यावर रेघा मारायची टी-स्क्वेअरची पट्टी तशीच ठेवलेली होती. बाबांचा डबा द्यायला गेले की मी त्या बोर्डाकडे बघायची आणि परत यायची.

मी तेव्हा बारावी सायन्स झाले होते. आम्ही नाशिकहून सिल्वासाला आलो तेव्हा मी तिसरीत होते. कर माफ होता म्हणून जवळच्या सायली गावाकडे कारखान्यांमागून कारखाने उभे राहत होते, आणि बाबा त्यातल्या एकात मेंटेनन्स इंजिनियर म्हणून लागले. कंपनी प्लास्टिकच्या पारदर्शक नळ्या काढायची. बाबांनी मला इंग्लिश मीडियममध्ये घातलं, त्याचा त्यांना फार अभिमान होता. शाळेत सगळ्या मुली आपसात गुजराती नाहीतर हिंदी बोलायच्या, बाई इंग्रजीतून शिकवायच्या, आणि मी कुठल्याच भाषेत फार बोलायची नाही. बारावीला मार्क बरे पडले. मेकॅनिकलच्या डिप्लोमाचा फॉर्म आणू का, असं विचारलं तर आई म्हणाली, वर्गात एकटी मुलगी असशील. बी.कॉम. बाहेरून करता येतं. बाबांनी पेपर उघडला. त्यानंतर काही आठवड्यांनी हे सेठच्या गाडीचं निघालं.

सेठ म्हणजे कंपनीचे मालक, ते मुंबईला राहायचे. शनिवारी गुजरातेतल्या मित्रांना घेऊन यायचे, कारण तिकडे दारू मिळत नाही आणि सिल्वासात मिळते. रविवारी दुपारी परत जायचे. ती गाडी त्यांनी बाहेरून हौसेने आणली होती. चार सिलिंडरचं इंजिन, आडवं झोपवलेलं. त्यात कार्बोरेटर नव्हता. एक इलेक्ट्रॉनिक डबा हिशेब करून इंजेक्टरला हुकूम द्यायचा आणि इंजेक्टर पेट्रोलची फवारणी करायचे. एकदा बॅटरी उतरली म्हणून ड्रायव्हरनं कंपनीच्या ट्रकवरून वायरी लावल्या, त्या उलट्या लावल्या. डबा जळाला. नवीन बाहेरून मागवायचा तर सेठना तेवढी वाट बघायची नव्हती. त्यांनी बाबांना सांगितलं, कार्बोरेटर बसवून टाका, आपल्याकडच्या सगळ्या गाड्या त्यावरच चालतात.

गाडीबरोबर जाडजूड इंग्रजी मॅन्युअल आलं होतं. बाबांचं शिक्षण मराठीतून झालेलं. इंग्रजी त्यांना वाचता यायचं, पण वेळ लागायचा आणि त्यांना वेळ लागलेला आवडायचा नाही. म्हणून मला शेडमध्ये न्यायला लागले. मी स्टुलावर बसून वाचायची आणि मराठीत सांगायची.

कंपनीचे टर्नर काका, लेथवर काम करणारे, धुळ्याकडचे होते. शिफ्ट संपली की तेही थांबायचे. मी दिसले की म्हणायचे, "आल्या इंग्लिश मॅडम. आज काय म्हणते पुस्तक? गाडीले सर्दी झाली का ताप?"

"तुमच्या लेथचा आवाज सहन होत नाही म्हणतंय," बाबा म्हणायचे.

"मंग बरोबर आहे. माझ्या बायकोलेबी होत नाही."

मला हसू यायचं. मी पुस्तकात तोंड घालायची.

एक गोष्ट बरी होती. ठिणगी पाडण्याची यंत्रणा वेगळी होती आणि ती शाबूत होती. म्हणजे इंजिनाला फक्त हवेत मिसळलेलं पेट्रोल पोचवायचं होतं. बाबांनी एका छोट्या मोटारीचा जुना कार्बोरेटर मिळवला. टर्नर काकांनी एका तोंडातून चार नळ्या फुटतील असा पाइप जोडून दिला. इंजेक्टर काढले, त्यांची भोकं अॅल्युमिनियमचे बूच बनवून बंद केली. सगळं नीट दिसत होतं. किल्ली फिरवल्याबरोबर कार्बोरेटरच्या बाजूने पेट्रोल उतू गेलं आणि फरशीवर पसरलं. टर्नर काकांनी तोंडातली विडी बाहेर फेकून दिली, ती पेटवलेली नव्हती तरी.

टाकीतला पंप तसाच होता. इंजेक्टरला जोरात पेट्रोल लागतं, म्हणून तो पंप जोर लावून ढकलायचा. कार्बोरेटरला तसा जोर नको असतो. त्याचा आतला फ्लोट बिचारा पाण्याच्या टाकीतल्या बॉलसारखा, तो एवढा दाब कसा थोपवणार? हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नव्हतं. त्यात पंपाचा दाब दिला होता, बाकी विचार करायचा होता. मी तो केला आणि बाबांना हळूच म्हणाले, "बाबा, पंप नको. नुसतं वरून खाली आलं तरी पुरेल."

बाबा म्हणाले, "सेठ म्हणतील ओरिजिनल पार्ट काढला."

दोन दिवस ते वेगवेगळे वायसर लावून बघत होते. मग पंप काढला आणि टाकीखाली साधा कॉक बसवला.

इंजिन चालू झालं. पण ते चालणं म्हणजे खोकत, थुंकत, हँडल फिरवलं की गुदमरत. बाबा रोज स्क्रू फिरवायचे. घरी आल्यावर हात धुताना त्यांचं काहीतरी पुटपुटणं चालायचं. आईचं वेगळंच चाललं होतं.

"केसांना पेट्रोलचा वास येतोय तुझ्या," ती म्हणायची. "उद्या कुणी बघायला आले तर काय सांगू? मुलगी काय वाचते, तर इंजिन?"

"मग गॅस सिलिंडर तीच बदलते असंही सांग," बाबा म्हणायचे. अशा वेळी ते मला फार आवडायचे.

एके संध्याकाळी टर्नर काकांनी चारही प्लग काढून फडक्यावर ओळीने मांडले. बाबा चहा प्यायला बाहेर गेले होते. मी प्लगांकडे बघत होते. बाहेरचे दोन पांढरेफटक होते, मधले दोन काळे. म्हणजे कडेच्या सिलिंडरना पेट्रोल कमी मिळत होतं आणि मधल्यांना जास्त. एकच कार्बोरेटर मधोमध होता. मधल्या दोघांना नळी आखूड, कडेच्यांना लांब, आणि वाकडी. लांबच्या वाटेत पेट्रोल नळीला चिकटून राहत असणार. यावर स्क्रू फिरवून काही होणार नव्हतं, कारण एक बाजू बरी केली की दुसरी बिघडणार. मी जमिनीवर खडूनं काढून बघितलं. दोन कार्बोरेटर हवेत. एक डावीकडच्या दोघांना, एक उजवीकडच्या दोघांना. सगळ्या नळ्या सारख्या लांबीच्या.

बाबा आल्यावर मी ते दाखवलं. त्यांनी उकिडवं बसून खडूच्या रेघांवरून बोट फिरवलं.

"हं," म्हणाले. "माझ्याही डोक्यात हेच येत होतं."

टर्नर काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी प्लग पुन्हा बसवायला घेतले. मलाही तेव्हा काही वाटलं नाही. येतही असेल त्यांच्या डोक्यात, असं मी धरून चालले. मी आजही तसं धरून चालू शकले असते, तर बरं झालं असतं.

एकाच सिलिंडरच्या मोठ्या मोटरसायकलींचे दोन कार्बोरेटर वापीहून आणले. नव्या नळ्या झाल्या. आता इंजिन सुरू व्हायचं, पण डावा आणि उजवा कार्बोरेटर दोघं सारखं ओढत नव्हते. एक पुढे, एक मागे. त्यामुळे सगळी गाडी थरथरायची. हँडलवर ठेवलेली सुपारी उडून पडायची. टर्नर काका म्हणाले, "दोन जावा झाल्या ह्या. एकीनं भाकर टाकली का दुसरीनं तवा उतरवला."

दोघांचं ओढणं सारखं करायला एक यंत्र मिळतं, त्यात पारा असतो, असं मॅन्युअलच्या मागच्या पानांवर होतं. ते आमच्याकडे कुठून असणार? पण मी शाळेत मॅनोमीटरचं प्रॅक्टिकल केलं होतं. यू आकाराची काचेची नळी, अर्ध्यापर्यंत पाणी, दोन टोकांना दोन वेगळे दाब. ज्या बाजूला ओढ जास्त, तिकडे पाणी चढतं. आणि आमची कंपनी तर पारदर्शक नळीच काढत होती. मी बाबांना म्हणाले, स्क्रॅपमधली नळी द्या.

पहिल्यांदा मी नळीत निळीचं पाणी भरलं आणि टोकं दोन्ही कार्बोरेटरच्या पुढच्या नळ्यांना जोडली. इंजिन सुरू होताच ते पाणी एका दमात आत ओढलं गेलं. इंजिनानं ढेकर दिल्यासारखा आवाज केला आणि सायलेन्सरमधून वाफ आली. टर्नर काका पोट धरून हसले. "लाजली नाही, पिऊन गेली," म्हणाले.

मग मी खूप लांब नळी घेतली, फळीवर खालीवर खिळ्यांनी बसवली आणि पाण्याऐवजी जाड इंजिन ऑइल भरलं. ऑइल हळू सरकतं, त्यामुळे हाताशी वेळ राहिला. ते उजवीकडे चढलं. बाबांनी उजवीकडचा स्क्रू थोडा फिरवला, मी सांगितलं तसा. ऑइल खाली आलं, थांबलं, पुन्हा थोडं. आणि एका क्षणी दोन्हीकडे एका रेषेत उभं राहिलं. त्याबरोबर इंजिनाचा आवाज बदलला. थरथर गेली. सगळी शेडच शांत झाल्यासारखी वाटली. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांच्या हाताचं तेल माझ्या केसांना लागलं. आईला कळू नये म्हणून मी घरी गेल्या गेल्या डोक्यावरून आंघोळ केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खानवेलच्या रस्त्याला गेलो, बाबा पुढे आणि मी मागे. सागाच्या जंगलातून तो रस्ता जातो. सिल्वासाच्या बसची वाट बघणारे मजूर एका वळणावर उभे होते, ते गाडीकडे आणि मागे बसलेल्या माझ्याकडे बघत होते. चढावर बाबांनी पूर्ण जोर दिला आणि मी सांगितल्याबरोबर इंजिन बंद केलं. रस्त्याच्या कडेला प्लग काढले. चारही भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचे. हाच रंग हवा होता.

"जमलं गं आपल्याला," बाबा म्हणाले. आपल्याला, असंच म्हणाले. त्या सकाळी मी ड्रॉइंग बोर्डाचा विचार पहिल्यांदाच उघडपणे केला. कुठली पेन्सिल लागेल इथपर्यंत केला.

सेठ पुढच्या शनिवारी आले. रविवारी सकाळी बाबांनी मला शेडमध्ये बोलावलं. आईनं इस्त्रीचा पंजाबी ड्रेस घालायला लावला. सेठबरोबर तीन मित्र होते, रात्रीच्या जागरणानं डोळे लाल झालेले. सेठनी गाडी फाटकाबाहेर नेली, बऱ्याच वेळाने आणली आणि उतरताना सीटवर थाप मारली.

"इंजिनियरसाब, ये तो मक्खन हो गई. ये दो कार्बोरेटर का भेजा किसका?"

मी बाबांकडे बघितलं नाही. ते म्हणाले, "सर, सच बोलूँ तो मेरी बेटी का. ये जो खड़ी है."

ते खरं बोलले. हे मला नोंदवलंच पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यानंतर झालं.  मग एक मित्र हसला. "फिर तो सर्विस भी बेटी से करवाएँगे."

सेठ म्हणाले, "चूल्हा-वूल्हा आता है, के खाली कार्बोरेटर?"

सगळे हसले. आणि बाबाही हसले. नुसते हसले नाहीत, हात जोडल्यासारखे करून म्हणाले, "आता है सर, सब आता है. मजाक कर रहा था. किताब इंग्लिश में थी ना, वो पढ़ के देती थी."

मजाक कर रहा था. मी ते शब्द नीट ऐकले. टर्नर काका पलीकडे हात पुसत होते, त्यांनी पुसणं थांबवलं आणि मग पुन्हा सुरू केलं.

मी आदल्या दिवशी इंग्रजीत चार वाक्यं तयार करून ठेवली होती. प्लगचा रंग, नळ्यांची लांबी, ऑइलची पातळी. सेठनी विचारलं तर सांगायची म्हणून. त्यांनी विचारलं, "इंग्लिश मीडियम?"

"येस सर," मी म्हणाले.

"गुड." मग ते बाबांकडे वळले. बाबांनी तेवढ्यात ड्रॉइंगच्या जागेचा विषय काढला. सेठ म्हणाले, "टूलरूम में लड़की को कौन बिठाता है, इंजिनियरसाब. कारीगर लोग काम करेंगे के उसको देखेंगे? इंग्लिश अच्छी है, ऑफिस में फोन पे बिठाओ. फॉरेन पार्टी के फोन आते हैं."

त्यांनी माझं इंग्रजी दोन शब्द ऐकलं होतं. तेवढ्यावर माझी नेमणूक झाली.

"थँक्यू सर," बाबा म्हणाले. लगेच म्हणाले. ते विचार करायला वेळ तरी मागतील असं मला वाटलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी आईला सांगितलं, "लागली नोकरी. एसीत बसायचं." आईनं शेजारी साखर वाटली. शेजारच्या काकूंनी विचारलं, कसली नोकरी, तर आई म्हणाली, "ऑफिसात. फॉरेनशी बोलायचं असतं."

मी पहिल्या तारखेपासून जायला लागले. काचेच्या दाराशी टेबल, त्यावर फोन, मागे पंखा. एसी आतल्या केबिनला होता. गुड मॉर्निंग म्हणायचं, कंपनीचं नाव सांगायचं, लाइन आत द्यायची. ते काम अवघड नव्हतं आणि मी ते चांगलं केलं. ड्रॉइंगला एक मुलगा आला, सेठच्या ओळखीतला. वाईट नव्हता. त्याच्याबद्दल मला सांगण्यासारखं काही नाही.

बाबा घरी पूर्वीसारखेच बोलायचे. जेवताना ऑफिसातल्या गमती विचारायचे. मी सांगायची. त्या रविवारबद्दल आमच्यात एक शब्दही झाला नाही. मला वाटतं, त्यांच्या मते सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मुलीला नोकरी लागली होती, सेठ खूश होते.

पाऊस संपला आणि गाडी बिघडली. बिघडणारच होती. कार्बोरेटर हवेप्रमाणे बदलतात, आणि दोन असले की एकमेकांपासून सुटतात, त्यांना मधून मधून पुन्हा जुळवावं लागतं. एका शुक्रवारी सेठचा मुंबईहून फोन आला. तो मीच उचलला. "इंजिनियर को दो," ते म्हणाले. "बोलो गाड़ी फिर खाँसती है, कल मेहमान आ रहे हैं." मी लाइन बाबांना दिली.

थोड्या वेळाने बाबा माझ्या टेबलाशी आले. ऑफिसात ते सहसा यायचे नाहीत.

"सुटल्यावर जरा शेडमध्ये येतेस? ते ऑइलचं एकदा लावून बघू."

"नाही," मी म्हणाले.

"अगं दहा मिनिटांचं काम आहे."

"मग तुम्ही करा ना."

"तुला जमतं ते. माझ्या लक्षात राहत नाही कुठला स्क्रू कुठं."

"हे सेठना सांगा."

बाबांनी इकडे तिकडे बघितलं. प्यून दाराशी होता. ते आवाज खाली आणून म्हणाले, "सांगितलं होतं की मी. तुझ्यासमोर सांगितलं."

"मजाक म्हणून सांगितलं होतं, बाबा."

तेवढ्यात फोन वाजला. मी उचलला आणि कंपनीचं नाव सांगितलं. बोलून होईपर्यंत ते गेले होते.

साडेपाचला शेडमधून इंजिनाचा आवाज यायला लागला. ऑफिस सुटलं होतं, पण मी मुद्दाम बसून राहिले. भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं. उजवा पुढे होता. बाबा डावाच फिरवत होते, त्यामुळे आणखी बिघडत होतं. मधेच टर्नर काकांचा आवाज आला, "साहेब, पोरीले बोलवा ना भो." बाबा काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. इंजिन बंद झालं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा तसंच. मी पर्स उचलली आणि शेडकडे न वळता फाटकातून घरी गेले.

शनिवारी सेठ पाहुण्यांना घेऊन आले आणि गाडी फाटकातच बंद पडली. पाहुण्यांसमोर ते बाबांना काय बोलले ते मला प्यूननं सांगितलं. मी इथे लिहीत नाही. सोमवारी गाडी वापीच्या गॅरेजवाल्याकडे गेली.

त्या शनिवारी बाबा उशिरा घरी आले. त्यांनी हात धुतले, जेवायला बसले, आमटी पुन्हा मागितली नाही. आईनं आमच्या दोघांकडे बघितलं.

"भांडलात का रे दोघं?"

"नाही," बाबा म्हणाले.

"नाही," मीही म्हणाले, आणि त्यांच्या ताटात भात वाढला. त्यांनी पुरे म्हणून हात आडवा केला. मी थोडा आणखी वाढला, आणि त्यांनी तो खाल्ला.